मागणीचे शब्द

स्पेनमधल्या फुएन्तेमोरा गावात प्रिमितिवाला कुणी मास्तरीण म्हटलं की ती स्वतःच आधी हसायची. शाळेत तिचे पाय फारसे टिकले नव्हते. जेमतेम वाचता येऊ लागलं आणि बापाने तिला दुसऱ्यांच्या द्राक्षमळ्यात कामाला नेलं. पण पुढे गावातली तरणी पोरं माद्रिदला निघून गेली, मागे म्हातारे उरले, आणि त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी बघायला रोमानियातून बायका येऊ लागल्या. त्यांना आपली भाषा शिकवायची कुणी, यावर चर्चच्या दालनात बैठकांवर बैठका झाल्या. बैठका चालू असतानाच हिने शिकवायला सुरुवात केली होती.

शिकवायची जागा म्हणजे तिची बेकरी. नवरा ओनोरियो गेल्यापासून विक्री बंद होती, पण मंगळवारी दुपारनंतर भट्टी पेटायची. फळा नाही, पुस्तक नाही. प्रत्येकीच्या पुढ्यात कणकेचा एक गोळा. हात रिकामे असले की जीभ आळसावते, असं प्रिमितिवाचं ठाम मत. कणकेची एक घडी, एक शब्द. पुन्हा घडी, पुन्हा तोच शब्द. जिला शब्द बसला नाही तिचा पाव म्हणे दडस व्हायचा. कुठले शब्द आधी शिकवायचे याचीही तिची स्वतःची क्रमवारी होती. आभार मानायला शिकवण्याआधी ती नाही म्हणायला शिकवायची.

"उपकार मानायला तुम्हाला सगळं गाव शिकवेल," ती म्हणायची. "रविवारची सुट्टी मागायला कोण शिकवणार?"

त्या बायकांत विओरिका सगळ्यात कमी बोलायची आणि तिचा पाव सगळ्यात हलका व्हायचा. सगळं गाव जिला मानाने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं त्या लेओकादियाकडे राहून ती तिचं सगळं करायची. चौकातलं दगडी घर, वर कोरलेलं घराण्याचं चिन्ह, आणि आत नव्वदीच्या उंबऱ्यावरची एक करारी बाई, जी पाय गेल्यापासून कित्येक वर्षांत रस्त्यावर दिसली नव्हती. एका मंगळवारी विओरिकाने हात पुसले आणि म्हणाली, "प्रिमी मावशी, आज मला दुसरे शब्द पाहिजेत."

"कुठले ग?"

"लग्न ठरवायचे. मागणी, शब्द देणं, ते सगळं."

बाकीच्या बायकांनी असा काही कल्ला केला की बाहेरून जाणारी शेजारीण कासिल्दा दारात थबकली. विओरिका कानापर्यंत लाल झाली. प्रिमितिवा मात्र कणकेकडे बघत राहिली. नवरदेव कोण हे तिला विचारायची गरज नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा बेर्नाबे, मेंढ्यांत आणि चिजात आयुष्य घालवलेला, डोक्यावरचे निम्मे केस गमावलेला घोडनवरा, गेलं वर्षभर रोज संध्याकाळी दोन्या लेओकादियाच्या फाटकात चीज पोचवत होता. त्या घरात दोनच बायका. एवढं चीज खायला तिथे पलटण हवी होती.

मुलगी प्रिमितिवाला आवडत होती. खरं तर फार आवडत होती. बोचत होतं ते घर.

"बरं," ती म्हणाली. "मळायला घ्या. पहिला शब्द, पेदीर. मागणे. आमच्याकडे मुलगी मागत नाहीत, मुलीचा हात मागतात."

"नुसता हात?" एकीने विचारलं. "बाकीची कुठे जाते?"

"बाकीची मागाहून येते, भांडणासकट," प्रिमितिवा म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग ती एकेक शब्द देत गेली. पालाब्रा, म्हणजे शब्द, जो देतात आणि घेतात. तो दिला की मुलगी प्रोमेतीदा झाली, शब्दाने बांधली गेली. पाळणे. मोडणे. विओरिका प्रत्येक शब्दाला कणीक दुमडत होती, ओठ हलवत होती. प्रिमितिवाने तिला रीतही सांगितली. आमच्या गावात मागणी एका घरात होते आणि शब्द दुसऱ्या घरात दिला जातो. मुलाकडचे मुलीच्या दारात जातात आणि मागतात. मुलीकडचे त्या वेळी हो म्हणत नाहीत, नुसतं ऐकून घेतात. मग पुढच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा म्हणजे प्रार्थना संपल्यावर, मुलीकडचं वडीलधारं माणूस स्वतः चालत मुलाच्या घरी जातं आणि टेबलाशी बसून शब्द देतं. ते आलं नाही तर समजायचं काय ते.

"आणि मुलाकडचेच मागायला आले नाहीत तर?" विओरिकाने विचारलं. "त्याला काय शब्द?"

"त्याला शब्द नाही," प्रिमितिवा म्हणाली. "भट्टी बघा ग कुणीतरी."

शब्द होता. तो गावात प्रिमितिवाइतका कुणाला ठाऊक नव्हता.

ती विशीत असताना दोन्या लेओकादियाचा धाकटा भाऊ सातूरियो तिच्यामागे लागला होता. मोठ्या घरचा, पण मवाळ, गाणं गुणगुणणारा मुलगा. मागणीचा रविवार ठरला. प्रिमितिवाच्या आईने शेजारपाजारहून पेले मागून आणले, बडीशेप घातलेल्या गोड रोस्किया तळल्या, बापाने उसना कोट घातला. दार सताड उघडं ठेवायचं असतं, म्हणून ठेवलं. रस्त्यावर दोन्ही बाजूंना बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या, आमच्याकडे बसतातच. दुपार झाली, कलली, आणि कुणी आलं नाही. चौकातल्या त्या घरातून निरोपसुद्धा आला नाही. मजुराची पोर आमच्या टेबलाशी बसणार नाही, असं लेओकादिया म्हणाली, हे दुसऱ्या दिवशी मोलकरणीकडून कळलं. सातूरियो त्याच महिन्यात जर्मनीला कारखान्यात गेला आणि तिकडेच संपला.

पुढे ओनोरियो बेकरीवाला आला. हसरा, ठेंगणा, पिठाने सदा पांढरा. त्याच्याबरोबर तिचा संसार चांगला झाला, अगदी चांगला. तिने कधी कुणाची कीव मागितली नाही. पण राग तिने आंबवणासारखा जपला. रोज त्यातला थोडा बाजूला काढून उद्यासाठी ठेवायचा, म्हणजे संपत नाही. चौकातून जाताना ती त्या घराच्या बाजूने कधी चालली नाही. दोन्या लेओकादियाचे पाय चालत होते तोवर चर्चमध्ये ती उजवीकडे बसली तर ही डावीकडे. एवढ्याशा गावात अर्धं शतक कुणा एकाशी न बोलता राहायचं म्हणजे रोज कष्ट घ्यावे लागतात, आणि तिने ते घेतले.

त्या संध्याकाळी बेर्नाबे मेंढ्या कोंडून आला, हातपाय धुतले आणि आईसमोर बसला.

"तिला नुसतं कचेरीत जाऊन सही करायची नाहीये, आई. तिचा बाप नाही. आई तिकडे लांब, आजारी. ती म्हणते, मला कुणीतरी दारात येऊन मागायला हवं. मी रस्त्यावर सापडलेली नाही."

"बरोबर आहे तिचं."

"मग ती राहते त्याच घरी मागणी घालायला लागेल. आणि बाबा नाहीत, म्हणजे तुलाच बोलायला लागेल."

"त्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"आई, चीज नेऊन नेऊन माझी गाडी आपोआप तिकडे वळायला लागलीय. आता काय करू?"

"तुझ्या मोठ्या काकाला ने. तो बोलेल."

मुलाची आई जिवंत असताना दुसरं कुणी मागायला गेलं तर गाव त्याचा एकच अर्थ लावतं, की आईला सून नको आहे. परदेशी मुलगी, वर हा डाग. कागदपत्रांसाठी लग्न करतेय, असं कुजबुजणारे तसेही कमी नव्हते. प्रिमितिवाला हे सगळं दिसत होतं. तिला स्वतःची लाजही वाटली, पण राग त्या लाजेपेक्षा जुना होता आणि त्याने जागा सोडली नाही.

पुढच्या मंगळवारी विओरिका इतरांच्या आधी आली. ती ओट्याशी उभी राहिली, पीठ चाळलं, पाणी घातलं, आणि मळता मळताच म्हणाली, "मावशी, एक शब्द तुम्ही शिकवला नाहीत. प्लान्तादा."

प्रिमितिवाचा हात थांबला.

"रोप लावून निघून जावं तशी उभी सोडलेली," विओरिका म्हणाली. "मी नीट सांगितलं ना?"

"कुणी शिकवला?"

"दोन्या लेओकादियांनी. मी विचारलं, प्रिमी मावशी आपल्या घरी का येत नाहीत. म्हणाल्या, आम्ही तिला प्लान्तादा केली. मला शब्द कळला नाही, तर मला समजावून सांगितला. सातूरियो कोट घालून तयार होता म्हणाल्या. दाराला कुलूप मी घातलं आणि किल्ली पोलक्यात ठेवली. त्याच्यावर ढकलू नकोस म्हणाल्या, ते मी केलं."

प्रिमितिवा स्टुलावर बसली. इतकी वर्षं ती ज्याला गुन्हा म्हणत आली त्याला त्या घरात बसून, त्याच शब्दाने, दुसरं कुणी नाव देईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आणि सातूरियो कोट घालून तयार होता. हे तिला माहीत नव्हतं. त्या पोराला तिने भित्रा म्हणून मनातून काढून टाकलं होतं, त्याच्या मरणाची बातमी आली तेव्हासुद्धा तिने भट्टीचं दार उघडून पाव तपासले होते. तिला आता त्याच्यासाठी रडू आलं. ओनोरियोची क्षमा मागावी असंही वाटलं, का ते कळेना.

"तुला हे सगळं मला सांगायला लावलं का तिने?" तिने विचारलं.

"नाही. त्यांना कळलं तर रागावतील मला. पण मला वाटलं, तुम्ही शब्द शिकवता, तर तुम्हाला कळायला हवं मी कुठला शिकले."

"डोळे पूस," प्रिमितिवा म्हणाली. स्वतःचेच भरलेले होते. "कणकेत मीठ आधीच घातलंय."

त्या रविवारी ती काळा पोशाख घालून, बेर्नाबेला शेजारी घेऊन चौकात गेली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घराच्या बाजूने चालली. दार विओरिकाने उघडलं. आत उंच पाठीच्या खुर्चीत दोन्या लेओकादिया बसली होती, खांद्यावर शाल, हात काठीवर. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोघीही म्हाताऱ्या झाल्या होत्या, हे दोघींना तेव्हाच खरं कळलं असावं.

प्रिमितिवा उभ्यानेच बोलली. "दोन्या लेओकादिया, माझा नवरा असता तर तो बोलला असता. तो नाही, म्हणून मी बोलते. माझ्या मुलासाठी या घरातल्या विओरिकाचा हात मागायला आले आहे. मुलगा कामाचा आहे. थोडा घुमा आहे, बापावर गेलेला नाही. पण कुणाला फसवणार नाही."

"ऐकलं," दोन्या लेओकादिया म्हणाली. "रविवारी शब्द द्यायला येऊ."

"तुम्ही?" प्रिमितिवाच्या तोंडून निघून गेलं. "तुम्हाला जिन्यावरून उतरता येत नाही. इथेच सांगा, चालेल."

"रीत काय आहे?"

"रीत आहे, पण..."

"मग येऊ."

बस्स. बसा नाही, पाणी नाही, त्या जुन्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. प्रिमितिवा बाहेर पडली ती संतापाने. "बघितलंस?" ती बेर्नाबेला म्हणाली. "पुन्हा तेच करणार बघ ही. मला वर मागायलाही लावलं, आणि आता पुन्हा दार उघडं ठेवून बसवणार सगळ्या गावासमोर. आणि या खेपेला माझ्याबरोबर तुझंही हसं."

"आई, विओरिका आहे ना तिथे."

"विओरिकाच्या पोलक्यात किल्ली नाही."

तरी रविवार उजाडला तेव्हा तिने रोस्किया तळल्या. तळायच्या असतात म्हणून. बेकरीच्या मागच्या खोलीत पांढरं टेबलक्लॉथ घातलं, पेले मांडले, मेंढीचं चीज कापलं, वाइन काढली. दार सताड उघडलं. मिस्साला दोघंही गेली नाहीत. मुलाकडच्यांनी त्या दिवशी घरीच थांबायचं असतं. चर्चची घंटा झाली, लोक बाहेर पडल्याचा आवाज आला. कासिल्दा आपली खुर्ची घेऊन समोर बसली, शेजारी तिची बहीण, मग आणखी दोघी. प्रिमितिवाने खिडकीतून पाहिलं आणि मांडलेले पेले पुन्हा एकदा सरळ केले.

चौकापासून तिचं घर म्हणजे एक गल्ली. पाळण्यातलं पोर घेऊन गप्पा मारत आलं तरी पोचायला वेळ लागत नाही. कुणी आलं नाही. रस्त्यावरच्या बायका आधी मोठ्याने बोलत होत्या, मग हळू बोलू लागल्या, मग बोलायच्याच थांबल्या. ते सगळ्यात वाईट होतं. बेर्नाबे कोटात घामाघूम होऊन बसला होता.

"मी जाऊन बघू का?"

"मुळीच नाही," प्रिमितिवा म्हणाली. "आपण जायचं नसतं."

तिने आणखी थोडी वाट पाहिली. मग उठली आणि पेले उचलायला लागली. एकात एक घालून, आवाज न करता, तिची आई त्या दिवशी करत होती तसे. स्वतःचं तिला काही वाटत नव्हतं, निदान ती तसं मनाला बजावत होती. पण मुलाच्या पाठीकडे तिला बघवेना. एवढा मोठा माणूस खुर्चीत लहान दिसत होता. आपल्या हट्टाने, आपल्या वैराने, याचं घर बसता बसता मोडलं, असं तिच्या मनात आलं, आणि तिने एक पेला टेबलावर इतक्या जोरात ठेवला की त्याची बारीक दांडी तुटली.

तेवढ्यात बाहेर कासिल्दा ओरडली, "अग बाई! प्रिमी! ये, ये बाहेर!"

गल्लीकडून नव्हे, खालच्या अंगाने, नदीच्या रस्त्याने, माणसं येत होती. पुढे चौघे जण खांद्यावर दांडे घेऊन. सणाच्या दिवशी मारियामातेची मूर्ती मिरवणारे हेच ते चौघे, आणि दांडेही तेच. दांड्यांवर मूर्तीच्या जागी उंच पाठीची खुर्ची दोरांनी बांधलेली, आणि खुर्चीत दोन्या लेओकादिया, काठी धरून ताठ बसलेली. बाजूने विओरिका चालत होती, एक हात खुर्चीला लावून. मागून अर्धं गाव. ते चौघे नेहमीच्या त्याच संथ पावलाने येत होते, दुसरं पाऊल त्यांना येतच नाही.

"कुठून आणलंत यांना?" कासिल्दाने पुढच्या माणसाला विचारलं.

"मिरवणुकीच्या वाटेने," तो धापा टाकत म्हणाला. "वरची आळी, शाळा, नदी, सगळं. आम्ही म्हटलं गल्लीतून पटकन जाऊ, तर काठी हाणली माझ्या खांद्यावर. म्हणाली, त्या दिवशी सगळ्या गावाने बघितलं होतं, आजही सगळ्या गावाने बघायचं. कुणाचं दार चुकवायचं नाही."

प्रिमितिवा उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. खुर्ची दाराशी टेकवली. चौघांनी म्हातारीला उचलून आत न्यायला हात पुढे केले तर तिने मान हलवली. विओरिकाचा खांदा धरून ती स्वतः उठली. सगळा रस्ता चिडीचूप होता, त्यामुळे ती हळू बोलली तरी शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

"प्रिमितिवा, आम्ही यायला हवं होतं. आलो नाही. ते मी केलं, दुसऱ्या कुणी नाही." तिने श्वास घेतला. "आज विओरिकाचा शब्द द्यायला आलेय. तू म्हणशील तर आत येते. नाही म्हणालीस तर इथूनच देते आणि परत जाते."

या बाईला काय काय सुनवायचं हे प्रिमितिवाने आयुष्यभर मनात घोळवलं होतं. कणीक मळताना, अंथरुणात पडल्या पडल्या, चर्चमध्ये गुडघे टेकून. एकाहून एक बोचरी वाक्यं. त्यातलं एकही तिला आठवेना. समोर एक थकलेली म्हातारी उभी होती, जिने सगळ्या गावाला साक्षी ठेवून स्वतःला तिच्या दारात आणलं होतं, आणि आत येऊ का म्हणून विचारत होती. प्रिमितिवाला मोठ्याने रडू फुटलं. तिने ते लपवलं नाही.

"ये, लेओकादिया," ती म्हणाली. दोन्या म्हणायचं राहूनच गेलं, आणि कुणी ते दुरुस्त केलं नाही. तिने पुढे होऊन म्हातारीचा दुसरा हात धरला, आणि विओरिका आणि ती, दोघींनी मिळून तिला आत नेऊन टेबलाशी बसवलं.

लेओकादियाने शब्द दिला. प्रिमितिवाने घेतला. बेर्नाबेला काही बोलता येईना, म्हणून त्याने सगळ्यांना चीज वाढलं.